आतलं हँडल

गाडी दारात येऊन उभी राहिली आणि पहिल्या दहा मिनिटांत तिचे चार तुकडे हातात आले. कुणी आदळआपट केली नव्हती हो! जावयानं कौतुकानं डॅशबोर्डचा कप्पा उघडून दाखवला, तर झाकण बिजागरीसकट निखळलं. ऊन अडवायची झापड खाली ओढली, तिची कडी गेली. एसीच्या जाळीतली एक पट्टी बोट लागताच आत पडली ती पडलीच. आणि शेवटी बाईंनी चालकाच्या सीटवर बसून दार आतून उघडायला हँडल ओढलं, तर ते मुळातून मोडून त्यांच्या मांडीवर. सतरा वर्षांची गाडी. इंजिन ठणठणीत, गिअर आपोआप बदलणारे, सीट उंच, रंगही बरा. पण आतलं प्लास्टिक उन्हात तापून तापून पार बिस्किटासारखं झालेलं.

जावई बिचारा ओशाळला. गाडी त्यानंच शोधून आणली होती. “जुन्या गाडीत एवढं तेवढं चालायचंच,” तो म्हणाला. “आणि बाबा आहेत की घरात. त्यांच्या हाताला काय अशक्य आहे?”

बाबा म्हणजे कवळीवाले. बेचाळीस वर्षं त्यांनी कवळ्या बनवल्या. समोरच्या खोलीत दातांचे डॉक्टर रोग्यांच्या तोंडात डोकावायचे, आणि मागच्या खोलीत हे मेण, प्लास्टर आणि गुलाबी पावडरीच्या धुळीत बसून दात लावायचे. शहरातले निम्मे म्हातारे माझ्या दातांनी हसतात, असं ते स्वतःच सांगत, आणि ते फारसं खोटंही नव्हतं. निवृत्त झाल्यावर कवळ्या घासायची छोटी मोटर, कानशी, चिमटे, सगळं बिऱ्हाड त्यांनी घराच्या मागच्या खोलीत आणून मांडलं. कवळीवाल्यांचं घर म्हटल्याशिवाय पोस्टमनलाही पत्ता लागत नसे.

आणि बाई म्हणजे त्यांची बायको. तेहेतीस वर्षं त्यांनी दूध तपासायची नोकरी केली. पहाटे गाडी काढायची, एकेका दूध केंद्रावर जायचं, नळीत दूध घालून त्यात पाणी किती ते बघायचं. बाईंच्या गाडीचा आवाज लांबून आला तरी कित्येकांना घाम फुटायचा. गंमत अशी की या घरात गाडी चालवायची ती बाईंनीच. कवळीवाल्यांना गाडी येत नव्हती आणि त्याची त्यांना लाजही नव्हती. लग्नापासून ते शेजारच्या सीटवर बसत, काच अर्धी खाली करत आणि “सावकाश गं” म्हणत.

मग संधिवात आला. आधी सकाळी तासभर बोटं आखडायची, मग दिवसभर. एकदा भर चौकात सिग्नल हिरवा झाला आणि बाईंचा हात गिअरच्या दांड्यावर तसाच राहिला. बोटं ना मिटत, ना उघडत. मागून हॉर्नचा नुसता गदारोळ. कवळीवाले शेजारी बसलेले, आणि काय दाबायचं, काय ओढायचं, त्यांना काही म्हणजे काही ठाऊक नाही. शेवटी मागच्या ट्रकचा ड्रायव्हर उतरून आला आणि त्यानं गाडी कडेला लावून दिली. त्याच आठवड्यात बाईंनी ती गाडी विकून टाकली. त्या दिवसाबद्दल दोघं पुढे कधी बोलले नाहीत. दोन वर्षं बाई खिडकीपाशी बसून राहिल्या, स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढून.

आता नवं औषध लागू पडलं होतं. गिअर बदलावे लागत नाहीत अशी गाडी चालवायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. परवाना मात्र महिनाअखेर संपत होता. तो पुढे चालू ठेवायचा तर परवान्याच्या कचेरीत जाऊन, साहेबासमोर स्वतः गाडीत बसून, चालवून आणि कुणाच्याही मदतीशिवाय उतरून दाखवायचं. शेवटच्या आठवड्यातली तारीख मिळाली होती. ती हुकली की सगळं पहिल्यापासून, नवी परीक्षा, नव्या तपासण्या, आणि तोवर बोटं काय म्हणतील याचा नेम नाही.

“कुठे जायचंय तुला एवढं?” कवळीवाल्यांनी विचारलं.

“कुठे नाही,” बाई म्हणाल्या. “जायचंय.”

म्हणजे बघा, सगळं अडलं होतं ते त्या मोडक्या हँडलपाशी. गाडीत बसायची अडचण नव्हती. बाहेरचं हँडल चांगलं ऐसपैस होतं, त्यात अख्खा पंजा अडकवता येई. पण उतरायचं कसं? काच खाली करून हात बाहेर घालावा, तर बाईंचा खांदा तेवढा वळत नव्हता. आतलं हँडल बनलं तर बाई फिरणार, नाही बनलं तर खिडकीपाशी बसणार. इतका साधा हिशेब होता, आणि तो कवळीवाल्यांना पहिल्या दिवसापासून पक्का कळला होता. बायकोला गाडी मिळाली याचा त्यांना आनंद व्हायला हवा होता. वाटली ती धास्ती.

पण आव असा आणला की हे काम म्हणजे हातचा मळ. चारही तुकडे मागच्या खोलीत नेले, कवळीची पावडर आणि तिचं ते उग्र वासाचं लिक्विड कालवलं, आणि दुपारभर खपून सगळं जोडून टाकलं. पावडर अर्थातच गुलाबी. “दुसरी कुठून आणू? काळी कवळी बघितली आहेस का कुठे?” असं म्हणत त्यांनी झाकण आणि जाळी बसवली. डॅशबोर्डला जागोजाग हिरड्या फुटल्यासारख्या दिसू लागल्या. बाईंनी बघितलं आणि पोट धरधरून हसल्या.

“आता हिला रोज ब्रश पण करायचा का हो?”

त्या किती महिन्यांनी अशा हसल्या होत्या. कवळीवाल्यांनाही हसू आलं. पण चौथ्या दिवशी हिरड्या गळाल्या. झाकण पडलं, पट्टी पडली, आणि हँडल तर बसवता बसवताच हातात आलं. जोड इतका स्वच्छ सुटला होता की तिथे कधी काही लावलंच नव्हतं असं वाटावं. बेचाळीस वर्षांत त्यांची कवळी अशी कधी सुटली नव्हती. त्यांना ते फार लागलं.

तुकडे पिशवीत घालून ते मामांच्या आवारात गेले. मामा म्हणजे जुन्या गाड्या मोडून त्यांचे भाग विकणारा माणूस. त्यांना सगळेच मामा म्हणत, वयानं मोठे असलेलेही. चेचलेल्या गाड्या एकीवर एक रचलेल्या, मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट, आणि वाटेच्या टोकाला पत्र्याच्या खोलीत मामा. त्यांनी हँडल उलटंपालटं करून पाहिलं.

“हे कुणी केलं?”

“मी.”

“गुलाबी?”

“कवळीचा माल आहे.”

मामा हसले नाहीत. त्यांनी सरळ तोंडात हात घातला, वरची कवळी काढून पुढे केली आणि बोबड्या आवाजात विचारलं, “ही तुमचीच की काय?”

कवळीवाल्यांनी ती उजेडात धरली. “माझी नव्हे. माझी असती तर बोलताना अशी वाजली नसती.”

झालं, दोघांचं जमलं. मामांनी हँडलची मागची बाजू दाखवली. तिथे साच्यातच उठवलेली बारीक अक्षरं होती. प्लास्टिक कुठल्या प्रकारचं ते त्यावरून कळतं, मामा म्हणाले. काही प्लास्टिकला गोंद धरतो. हे मात्र मुळातच तेलकट, याला जगातला कुठलाच गोंद धरत नाही. हे तापवून, वितळवून एकजीव करायचं, आणि भर घालायची तीही याच प्रकारच्या प्लास्टिकची. मग त्यांनी एक खण ओढला. आत याच गाडीची सात हँडलं होती आणि सातही मुळापाशी मोडलेली.

“देणारच होतो तुम्हाला एखादं चांगलं. पण ही सगळी तिथेच मोडतात. बनवणाऱ्यानं तिथे कंजूषपणा केलाय.”

कवळीवाले घरी आले ते एका मोडक्या बंपरचा तुकडा आणि तारेची बारीक जाळी घेऊन. आता कामाला खरा रंग चढला. सोल्डरिंग आयर्ननं तडा उकलायचा, जाळी तापवून आत बुडवायची, वरून बंपरच्या पट्ट्या वितळवून भरायच्या, मग कानस, मग पॉलिश पेपर. झाकण झालं. जाळीची पट्टी झाली. झापडीची कडी झाली. आणि हँडलही झालं, असं झालं की मूळचं झक मारेल. मोडल्याची खूण नाही, हात फिरवावा तर आरशासारखं गुळगुळीत.

बाई आत बसल्या. कवळीवाले बाहेर उभे राहिले, हात कमरेवर ठेवून, डोळ्यांत कौतुक. बाईंनी हँडलमागे बोटं घातली आणि ओढलं. बोटं सुटली. पुन्हा घातली, पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा त्यांनी मनगट वाकडं करून पाहिलं, मग कोपर लावून पाहिलं. मग त्या थांबल्या आणि समोरच्या काचेतून नुसत्या बघत राहिल्या. कवळीवाल्यांनी बाहेरून दार उघडलं.

“मेलं लोणी लावल्यासारखं केलंय तुम्ही,” बाई हसत म्हणाल्या, आणि उतरता उतरता त्यांनी बाह्या खाली ओढून घेतल्या.

चूक कुणाची, हे कवळीवाल्यांना तिथल्या तिथे कळलं. तोंडात जाणारी वस्तू गुळगुळीतच हवी. जिभेला केससुद्धा सापडतो आणि एवढासा खडबडीतपणा राहिला तर हिरडीला फोड येतो. बेचाळीस वर्षं हाताला तेच वळण. ही वस्तू कुणाच्या जिभेसाठी नाही, बोटांसाठी आहे, आणि तीही कुठल्याही बोटांसाठी नाही, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. अहो, अनोळखी माणसाची कवळीसुद्धा त्यांनी कधी माप घेतल्याशिवाय केली नव्हती. बायकोच्या हँडलला माप नाही!

दुसऱ्या दिवशी त्यांनी मेण गरम पाण्यात मऊ केलं आणि बाईंना मागच्या खोलीत बोलावलं.

“हात दे.”

“कशाला?”

“माप घ्यायचंय.”

बाई उभ्याच राहिल्या. “अंदाजानं करा की.”

“अंदाजानं काय होतं ते बघितलंस ना काल?”

बऱ्याच वेळानं बाईंनी बाही वर सारली आणि हात पुढे केला. कवळीवाल्यांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि उजेडाकडे वळवला. एका घरात राहतो आपण, एका ताटलीतली बिस्किटं खातो, आणि हे आपण बघितलंच नव्हतं. बोटं सांध्यांपाशी फुगलेली, सगळी एका कडेला कललेली. करंगळी तर भलत्याच दिशेला. बघितलं नव्हतं की बघायचं टाळलं होतं? त्यांनी मेणाचा गोळा तिच्या तळव्यात ठेवला आणि तिची बोटं हळूहळू त्यावर मिटवली.

“गरम आहे,” बाई म्हणाल्या. “बरं वाटतंय.”

“ओढ आता. दार ओढतेस तसं. दुखेल इतकं नको.”

बाईंनी ओढलं. जोर बोटांच्या टोकांत नव्हताच. तो होता तळहाताच्या कडेला आणि मनगटाच्या वरच्या हाडापाशी. मेणावर ते स्वच्छ उमटलं.

“आणि उद्या बोटं आणखी वाकली तर?”

“हिरडीही झिजते. लोक दोन-तीन वर्षांनी येतातच की परत. नवं माप, नवी कवळी. तेव्हा नवं हँडल.”

बाईंनी मान हलवली. बराच वेळ त्यांनी हात काढून घेतला नाही.

पुढचे चार दिवस कवळीवाले जेवायलाही दहा हाका मारल्यावर उठत. हँडल झालं ते दिसायला भोपळ्याच्या देठासारखं, जाड, वाकडं, आतल्या बाजूला खोलगट. मुळाशी दुहेरी जाळी. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखादी वस्तू मुद्दाम खरखरीत ठेवली. ते शिकंज्यात धरून त्यांनी त्याला पाण्यानं भरलेली बादली टांगली. तासभर बादली लटकत राहिली. भिंगातून मूळ बघितलं, केसाएवढाही तडा नाही. त्यांना इतका आनंद झाला की हँडल हातात घेऊन ते तसेच अंगणातून बाईंना दाखवायला निघाले.

खिडकी उघडी होती. बाई लेकीशी फोनवर बोलत होत्या. फोन हातात धरता येत नसल्यामुळे तो टेबलावर ठेवून, मोठ्या आवाजात.

“कचेरीत बाबा येतील ना गं बरोबर?” लेक विचारत होती.

“नाही. त्यांना नाही नेणार. आणि नंतरही थोडे दिवस मी एकटीच फिरणार आहे. ते शेजारी घाबरून बसले ना, की ते बघूनच माझे हात आखडतात. त्यांना सांगू नकोस मात्र.”

कवळीवाले अंगणात जिथल्या तिथे उभे राहिले. मग मागे फिरले. मागच्या खोलीत गेले, हँडल फडक्यात गुंडाळलं आणि खालच्या खणात, जुन्या साच्यांच्या मागे ठेवून दिलं.

का ठेवलं? त्यांना तेव्हा विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. राग आला होता, हे खरं. चाळीस वर्षं शेजारी बसलेल्या माणसाबद्दल असं बोलावं? पण रागापेक्षा भीती मोठी होती. तो चौक, ते हॉर्न, तो न हलणारा हात. आणि या वेळी शेजारी कुणीच नाही. त्याहून खोल, अगदी तळाला, आणखी एक लाजिरवाणी गोष्ट होती. गेली दोन वर्षं बाई त्यांच्यावाचून कुठे गेल्या नव्हत्या, आणि त्याची त्यांना सवय लागली होती. ती त्यांना आवडू लागली होती.

“काय झालं हँडलचं?” जेवताना बाईंनी विचारलं.

“ताण दिल्यावर तडा गेला,” कवळीवाले ताटाकडे बघत म्हणाले. “परत करावं लागेल.”

“असू दे. अजून वेळ आहे.”

खोटं एकदाच बोलावं लागलं. त्यानंतर बाईंनी विचारलंच नाही, म्हणून ते आपोआप चालू राहिलं. कवळीवाले दिवसभर मागच्या खोलीत बसत आणि वेळ मारून नेत. कप ठेवायची खाच दुरुस्त केली, जी कुणाला नको होती. कप्प्याच्या झाकणावर मूळच्यासारखा चामड्याचा बारीक पोत उठवला, सुई तापवून, एकेक टिंब करत. जावई सुट्टीच्या दिवशी येऊन बघून गेला आणि म्हणाला, “बाबा, हे तर नव्यापेक्षा भारी!” त्यांना कुणी थोबाडीत मारल्यासारखं वाटलं.

कारण एक गोष्ट त्यांच्याइतकी कुणालाच माहीत नव्हती. कवळीची वाट बघणारा माणूस कसा असतो ते. तोंडावर हात धरून बोलतो, कुणाच्या कार्याला जात नाही, फोटोत मागे उभा राहतो. त्या माणसासाठी कवळीवाल्यांनी रविवार घालवले होते, ताप अंगात असताना काम केलं होतं. तयार कवळी एक दिवसही कपाटात राहू दिली नव्हती. डॉक्टर म्हणत, “उद्या देऊ,” तर हे म्हणत, “उद्यापर्यंत तो काय खाईल?” आणि आता हे.

रोज सकाळी ते ठरवायचे, आज काढू. रोज खणाला हात लावायचे आणि उठून चहा करायला जायचे.

कचेरीची तारीख उद्यावर आली. दुपारी बाई स्वतःहून मागच्या खोलीत आल्या आणि स्टुलावर बसल्या. टेबलावरचं ते टिंबाटिंबांचं काम त्यांनी जरा वेळ बघितलं.

“छान झालंय,” त्या म्हणाल्या. “उद्याची तारीख रद्द करा. जावयाला फोन करून सांगा, गाडी कुणाला हवी असेल तर देऊन टाक म्हणावं.”

“का गं?”

“का काय? तुमच्यासारख्या माणसाला जमत नाही म्हणजे ते व्हायचंच नाही. तुमचा दोष नाही त्यात. माझ्या बोटांना चालेल असं हँडल जगात बनतच नसेल.” त्यांचा आवाज अगदी सरळ होता. “मी रोज रात्री तुम्ही झोपल्यावर बोटांचे व्यायाम करत होते. डॉक्टरांनी दहाच सांगितले होते, मी पन्नास करायचे. म्हटलं बोटं थोडी सुधारली तर तुमचं काम सोपं होईल. नाही सुधारली. दुखून दुखून झोप लागत नाही फक्त.”

कवळीवाल्यांनी सुई खाली ठेवली. ते उठले, खाली वाकले, साचे बाजूला सारले आणि फडकं काढून टेबलावर ठेवलं. उलगडलं.

बाईंनी हँडलकडे बघितलं. मग हात पुढे केला आणि त्यावर ठेवला. बोटं जिथल्या तिथे बसली.

“हे कधीचं आहे?”

“तू लेकीशी फोनवर बोलत होतीस त्या दिवसाचं.”

“किती दिवस झाले?”

“अकरा.”

“तडा?”

“गेला नव्हता.”

बाईंनी हँडलवरचा हात मागे घेतला. कवळीवाल्यांना वाटलं, ओरड, भांड, ते हँडल फेकून मार माझ्या डोक्यात. तेहेतीस वर्षं या बाईनं पाणी घालणाऱ्या माणसांच्या डोळ्यात डोळे घालून बघितलं होतं. तशीच ती आता त्यांच्याकडे बघत होती, आणि त्यांना तिच्या नजरेला नजर देता येईना.

“मला भीती वाटते,” ते कसंबसं म्हणाले. “तू गेलीस आणि वाटेत हात अडकला तर मी काय करू? मला तर गाडीही येत नाही.”

“मला वाटत नाही का भीती?” बाईंचा आवाज आता चढला. “मला तुमच्याहून जास्त वाटते! हात माझे आहेत! पण अकरा दिवस मी माझ्या बोटांना शिव्या घातल्या, माहितीये? दोष बोटांचा नव्हता, तरी त्यांना घातल्या. तुम्ही समोर बसून जेवत होतात.”

 कवळीवाले मान खाली घालून उभे राहिले.

“बसवा ते,” बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्यांनी ते बसवलं. दाराचं आतलं आवरण खोललं, तार अडकवली, स्क्रू आवळले. संध्याकाळी बाई येऊन सीटवर बसल्या, दार ओढून घेतलं आणि आतून उघडलं. परत लावलं, परत उघडलं. एकदाही कवळीवाल्यांकडे बघितलं नाही. 

सकाळी बाई तयार होऊन गाडीत बसल्या. सवयीनं कवळीवाल्यांनीही पलीकडचं दार उघडलं आणि एक पाय आत टाकला. बाईंनी नुसती मान वळवली. त्यांनी पाय मागे घेतला, दार हलकेच लावलं. गाडी फाटकातून बाहेर पडली, कोपऱ्यावर क्षणभर थांबली आणि वळली.

कचेरीचं काम दीड तासाचं. दोन तास झाले, तीन झाले. कवळीवाल्यांनी मागच्या खोलीत बसून बघितलं, अंगणात उभं राहून बघितलं, झाडलेलं अंगण पुन्हा झाडून बघितलं. लेकीचा फोन आला, तिला म्हणाले, “येईल, येईल, कचेरीत रांग असते.” फोन ठेवल्यावर ते पायरीवर बसून राहिले. चार तासांनी कोपऱ्यावर गाडी दिसली तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

गाडी फाटकापाशी थांबली. ते धावतच गेले. हात बाहेरच्या हँडलवर पडणार तेवढ्यात त्यांना भान आलं, आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले. आतून खडखड झाली. एकदा निसटलं असावं. त्यांनी हात सोडले नाहीत. पुन्हा खडखड, मग खट् झालं आणि दार उघडलं. बाई उतरल्या. चेहरा उन्हानं लाल झाला होता.

“मिळाला?”

“मिळाला.”

“मग इतका वेळ?”

“येताना पाच ठिकाणी थांबले.”

“पाच? काय काम होतं?”

“काही नाही,” बाई म्हणाल्या. “थांबायचे, दार उघडायचे, उतरायचे. परत बसायचे. पुढे जाऊन परत उतरायचे.”

 कवळीवाल्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं आणि बाहीनं डोळे पुसले.

“रडू नका. माझा राग गेलेला नाही,” बाई म्हणाल्या. “आणि लवकर जाणारही नाही.”

“नको जाऊ दे.”

“ही किल्ली बघा. डोकं फार लहान आहे हिचं. फिरवताना अंगठा कळवळतो. हिला काहीतरी मोठं बसवायला हवं.”

“बसवतो.”

“किती दिवस लागतील?”

“आजच देतो,” कवळीवाले म्हणाले. “संध्याकाळच्या आत.”

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. किल्ली मुठीत तशीच होती. मग त्यांनी हळूहळू एकेक बोट उघडलं आणि ती त्यांच्या हातावर ठेवली.